स्नोमोबिलचा रिव्हर्स: दोष नेमका कुठे शोधायचा

पुढे न जाणारी स्नोमोबिल शेडबाहेरच पडत नाही, त्यामुळे तिचा दोष घरीच कळतो. रिव्हर्सचं तसं नाही. तो लागत नाही हे कळतं ते बहुधा नको त्या जागी. झाडांमधल्या अरुंद वाटेवर समोर ओंडका आडवा पडलेला असतो, एका बाजूला उतार असतो, वळायला जागा नसते, आणि बटण दाबलं की इंजिन बंद पडतं. मशीनचं वजन मॉडेलप्रमाणे साधारण 200 ते 300 किलो. मागच्या दांड्याला धरून ती उचलायची, वीतभर बाजूला सरकवायची, दम खाऊन पुन्हा उचलायची, असं करत माणसं मांडीएवढ्या बर्फात झगडत राहतात. उणे 20 अंशांच्या थंडीत घामानं भिजलेले कपडे ही किरकोळ गैरसोय नव्हे. अंग गारठायला सुरुवात त्यातूनच होते. म्हणून रिव्हर्स ही चैन नसून सुरक्षिततेची गोष्ट आहे, ही या पुस्तिकेमागची पहिली भूमिका.

दुसरी भूमिका त्याहून महत्त्वाची. ‘रिव्हर्स गेला’ अशी तक्रार घेऊन गॅरेजात येणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये रिव्हर्सची यंत्रणा धडधाकट असते. आजारी असतं ते बाकीचं मशीन: काळा पडलेला प्लग, स्लो जेटमध्ये साचलेला कचरा, गरजेपेक्षा ताठ बसलेला बेल्ट, गंज धरलेला कनेक्टर. पुढे पळताना हे दोष वेगात झाकले जातात. रिव्हर्स टाकताना इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर येतं आणि तेव्हा सगळं उघडं पडतं. थोडक्यात, रिव्हर्स हा आधी इंजिनाच्या तब्येतीचा निरोप असतो. तो निरोप नीट वाचला तर महागडा सुटा भाग मागवायची वेळ क्वचितच येते.

या वाहनाची कुळकथा कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर गावात सुरू होते. जोसेफ-आर्मां बोंबार्डिये (1907–1964) हा तिथला मेकॅनिक. हिवाळ्यात गावाचे रस्ते बर्फाखाली जात आणि माणसं जिथल्या तिथे अडकत. 1934च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्यानं गेला. रस्ते बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेताच आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा नाद बोंबार्डियेला लहानपणापासून होता, या घटनेनंतर तो ध्यास झाला. 1937 साली त्यानं दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचं पेटंट मिळवलं आणि अनेक प्रवासी बसतील अशा बर्फगाड्या बनवायला घेतल्या. एकट्यादुकट्यानं चालवायची छोटी ‘स्की-डू’ बाजारात आली ती 1959 साली. त्याच दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रोझो या गावी, एडगर आणि ॲलन हेटीन हे भाऊ आणि डेव्हिड जॉन्सन यांनी पोलारिसची पायाभरणी केली होती. पुढे एडगर हेटीन तिथून बाहेर पडले आणि त्याच राज्यातल्या थीफ रिव्हर फॉल्स इथे आर्क्टिक कॅटचा उगम झाला.

सुरुवातीच्या बहुतेक स्नोमोबिलना रिव्हर्स नव्हताच. मशीन लहान होती, शेपटाकडून उचलून फिरवता येत होती. पुढे इंजिन वाढलं, पट्टा लांबला, दोन माणसांची आसनं आली, मागे सामानाची घसरगाडी ओढायची सवय लागली. मग उचलून फिरवणं कुणाच्याच आवाक्यात राहिलं नाही आणि कारखान्यांना रिव्हर्सचा विचार करावा लागला.

हा विचार दोन अगदी वेगळ्या वाटांनी झाला. आज दोष शोधताना होणारा निम्मा गोंधळ या दोन वाटा एकमेकींत मिसळल्यामुळे होतो. म्हणून आधी मशीनमध्ये शक्ती कशी वाहते ते पाहू. इंजिनाच्या क्रँकवर पहिला क्लच, त्यावरून रबरी बेल्ट, बेल्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्लच. फेऱ्या वाढल्या की क्लचच्या तबकड्या जवळ येतात किंवा लांब जातात आणि गुणोत्तर आपोआप बदलतं. ज्यांनी कायनेटिक होंडा चालवली आहे किंवा आज ॲक्टिव्हा चालवतात, त्यांच्या पायाखालून हीच व्यवस्था जाते. दुसऱ्या क्लचचा दांडा चेनकेस नावाच्या बंद पेटीत शिरतो. तिथे वर एक दातेरी चाक, खाली एक, मध्ये चेन आणि तळाशी तेल. खालच्या चाकाचा दांडा बर्फावर धावणारा पट्टा फिरवतो. या साऱ्या साखळीत दुचाकीसारखा पहिला-दुसरा-तिसरा गिअर कुठेच नाही.

जुनी वाट ही या चेनकेसमध्येच एक उलटा फिरवणारा गिअर बसवण्याची. हँडलखाली किंवा पॅनलवर एक दांडी, ती ओढली की आतला काटा सरकतो, दात बदलतात आणि इंजिन त्याच दिशेनं फिरत असताना पट्टा उलटा फिरू लागतो. ही पद्धत भरवशाची आहे, पण तिचं वजन चालकाला कायम वाहावं लागतं. डोंगरी बर्फात चालवणाऱ्यांना एकेक किलो जड वाटतो.

नवी वाट 1990च्या दशकाच्या अखेरीस आली. बोंबार्डियेच्या मशीनना लागणारी इंजिनं ऑस्ट्रियातली रोटॅक्स कंपनी बनवते. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनांवर ‘आरईआर’ नावाचा इलेक्ट्रॉनिक रिव्हर्स आला. पोलारिसनं आपल्या पद्धतीला ‘पर्क’ म्हटलं, आर्क्टिक कॅटनंही बटणाचा रिव्हर्स दिला. यात गिअर नाही, काटा नाही, जादा दात नाहीत. इंजिनच उलटं फिरतं.

ते कसं, हे सावकाश पाहण्यासारखं आहे. चालकानं मशीन पूर्ण थांबवली आहे, थ्रॉटल सोडलं आहे, इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास घुमतं आहे. बटण दाबताच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, ठिणग्यांचा ताल बदलतो आणि इंजिनाला मुद्दाम मरगळायला लावतो. आवाज खाली येतो, हँडल थरथरतं, आता बंद पडणार असं वाटतं. फेऱ्या 500वर आल्या असं धरलं तर क्रँकच्या एका फेरीला 120 मिलिसेकंद लागतात. नेमक्या या अवस्थेत, पिस्टन वर चढत असताना आणि माथ्याला पोहोचायला बराच अवकाश असताना, ईसीयू एक ठिणगी पाडतो. पेटलेला वायू वर येणाऱ्या पिस्टनला वाटेतच अडवून खाली ढकलतो. क्रँकमध्ये माथा ओलांडण्याइतका जोर उरलेला नसतो. तो थबकतो आणि उलटा फिरतो. त्यापुढच्या ठिणग्या नव्या दिशेला योग्य अशा वेळी पडू लागतात, इंजिन सावरतं, आवाज पुन्हा वर येतो, पॅनलवर दिवा लागतो किंवा भोंगा वाजू लागतो. जुन्या बुलेटची किक उलटी बसून ज्यांची पोटरी काळीनिळी झाली आहे, त्यांनी हाच प्रकार अनुभवलेला असतो. तिथे तो अपघातानं होतो, इथे मोजूनमापून घडवला जातो.

हे टू-स्ट्रोकलाच जमतं. टू-स्ट्रोकमध्ये वायू आत घ्यायची आणि बाहेर सोडायची भोकं सिलिंडरच्या भिंतीत असतात आणि पिस्टनच खाली-वर होताना ती उघडतो-झाकतो. पिस्टन कोणत्याही दिशेनं आला तरी भोकं त्याच क्रमानं उघडतात. आत येणाऱ्या वाटेवरची रीड-झडप दाबाच्या फरकानं हलते, तिलाही दिशेचं सोयरसुतक नाही. फक्त ठिणगीची वेळ तेवढी बदलावी लागते. फोर-स्ट्रोकमध्ये झडपा कॅमशाफ्ट उघडतो. इंजिन उलटं फिरवलं तर धूर जायच्या वाटेनं हवा आत येऊ पाहील, तेलाचा पंपही उलटा फिरेल आणि बेअरिंगना तेल मिळणार नाही. म्हणून फोर-स्ट्रोक स्नोमोबिलमध्ये रिव्हर्स म्हणजे खराखुरा गिअर. काही मॉडेलांत तो सरकवायला दांडीऐवजी छोटी विजेची मोटर असते आणि त्यामुळे हँडलवर बटण दिसतं. बटण दिसलं म्हणजे इलेक्ट्रॉनिक रिव्हर्स, असं समजणारे इथेच फसतात.

कल्पना मात्र स्नोमोबिलवाल्यांची नाही. जर्मनीत 1955 ते 1964 या काळात बनलेल्या मेसरश्मिट केआर 200 या तीनचाकी छोट्या गाडीत 191 सीसीचं झाक्स टू-स्ट्रोक इंजिन होतं. मागे जायचं तर इंजिन बंद करायचं, किल्ली आणखी आत दाबायची आणि इंजिन उलट्या दिशेनं सुरू करायचं. चारही गिअर मागे जातानाही हाताशी असत. समुद्रावर तर हा रोजचाच व्यवहार आहे. मोठ्या मालवाहू जहाजांची संथ टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं पंख्याच्या दांड्याला थेट जोडलेली असतात; जहाज मागे घ्यायचं तर इंजिन थांबवून, इंधन आणि सुरुवातीच्या दाबहवेची वेळ बदलून, ते उलटं सुरू करतात. जहाजांवर नोकरी केलेल्या मराठी मरीन इंजिनिअरांनी हे कित्येकदा स्वतःच्या हातांनी केलेलं असतं. स्नोमोबिलनं फक्त इंजिन बंद न करता, चालू इंजिनातच दिशा पालटून दाखवली. ही अभियांत्रिकीतली विलक्षण देखणी करामत आहे आणि तिची कदर करूनच तिच्या दोषांकडे वळायला हवं.

तर मग तक्रार आली की पहिला प्रश्न एकच: या मशीनमध्ये गिअर उलटा होतो की इंजिन? याचं उत्तर मिळाल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

इंजिन उलटं होणाऱ्या मशीनचे दोष चालकाच्या वर्णनावरूनच बरेच ओळखता येतात. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, इंजिन आपलं आहे तसं चालू राहिलं, तर हुकूम ईसीयूपर्यंत पोहोचलेला नाही किंवा ईसीयूनं तो नाकारला आहे. पोहोचला नसेल तर बटण, वायर आणि कनेक्टर तपासायचे. मल्टिमीटर ओहमवर ठेवून बटणाच्या दोन टोकांना लावला आणि बटण दाबलं की आकडा शून्याजवळ यायला हवा आणि सोडल्यावर जोडणी तुटायला हवी. अंगठ्याखाली बटण ‘टक्’ करतं, पण आकडा कधी येतो, कधी येत नाही, असं दिसलं की आत ओल शिरली आहे असं समजावं. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून हीच तपासणी पुन्हा करावी, कारण हँडलच्या खांबाशी वायर घासून तुटणं हा जुन्या मशीनचा ठरलेला आजार आहे. हुकूम नाकारला गेला असेल तर बहुतेक वेळा स्लो जास्त ठेवलेला असतो किंवा थ्रॉटलची केबल पूर्ण परत येत नसते. फेऱ्या एका मर्यादेच्या वर असतील तर ईसीयू दिशा बदलायला तयारच होत नाही, आणि ते योग्यच आहे.

बटण दाबलं आणि इंजिन बंदच पडलं, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. इथे रिव्हर्सनं आपलं काम सुरू केलेलं असतं. इंजिनाला ते पेललेलं नसतं. उलटा धक्का द्यायला एकच जोरकस स्फोट हवा असतो आणि त्या क्षणी प्लग ओला असेल, मिश्रण बिघडलेलं असेल, किंवा दोनपैकी एक सिलिंडर मिसिंग मारत असेल, तर धक्का अपुरा पडतो. प्लग काढून उजेडात धरावा. टोकाशी तपकिरी, कोरडा रंग असेल तर ठीक. तेलकट काळा थर असेल तर आधी नवे प्लग घालून पाहावं. सगळ्या उपायांत हा स्वस्त आणि बऱ्याचदा पुरेसा ठरतो. दोन प्लगांचे रंग वेगवेगळे दिसले तर मात्र काळजी करावी, कारण एक सिलिंडर कमी-जास्त खातो आहे. कार्बोरेटरच्या मशीनमध्ये उन्हाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल स्लो जेट बुजवून टाकतं. जोरात पळवताना मुख्य जेट काम करत असल्यामुळे चालकाला पत्ताही लागत नाही. रिव्हर्सची सगळी कसरत मात्र स्लो जेटच्या हद्दीत होते, म्हणून हिवाळ्याच्या पहिल्या बर्फात या तक्रारींचा पूर येतो. कार्बोरेटर साफ करणं कष्टाचं आणि कंटाळवाणं काम आहे. ते टाळून कुणी ईसीयू बदलायचा सल्ला दिला तर तो ऐकू नये.

तिसरा प्रकार फसवा. इंजिन मरगळतं, थरथरतं आणि पुन्हा सावरून पुढच्याच दिशेनं फिरू लागतं. क्रँकमध्ये माथा ओलांडण्याइतका जोर उरला किंवा धक्का कमी पडला, असा याचा अर्थ. स्लो, ठिणगीची वेळ, क्रँकची जागा सांगणारा सेन्सर, फ्लायव्हीलची चावी, या क्रमानं तपासत जावं. क्रम महत्त्वाचा आहे. स्लो तपासायला मिनिट लागतं, फ्लायव्हील काढायला अख्खा दिवस जातो.

आणि बेल्ट. तो इंजिनाचा भाग नसल्यामुळे त्याच्याकडे लक्षच जात नाही. बेल्ट जरुरीपेक्षा ताठ असेल तर स्लोवर असतानाही पहिला क्लच त्याला किंचित ओढत राहतो. इंजिनाला दिशा पालटायची असते आणि त्याच वेळी अख्खा पट्टा त्याच्या गळ्यात पडलेला असतो; साहजिकच ते गुदमरतं. ओळख सोपी आहे: मागचा भाग स्टँडवर उचलून इंजिन स्लोवर ठेवलं आणि पट्टा तरीही ठामपणे फिरतच राहिला, तर ढील मोजायला घ्यावी. मोजमाप प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलात दिलेलं असतं. उलट रिव्हर्स लागतो, पण जोर दिला की बेल्ट घसरतो आणि जळका वास येतो, तेव्हा दुसऱ्या क्लचमधल्या सरकत्या तुकड्यांची झीज पाहावी. पुढे जाताना भार त्यांच्या एका अंगावर येतो, मागे जाताना दुसऱ्या अंगावर, आणि हे दुसरं अंग झिजलेलं कुणी तपासत नाही.

चालकाची घाई हाही एक दोषच. मशीन पूर्ण थांबण्याआधी बटण दाबणं, दिवा लागण्याआधी थ्रॉटल दाबणं, काही झालं नाही म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबत राहणं, यामुळे चांगली मशीनही रुसते. थंड इंजिनाकडून तर ही अपेक्षाच करू नये. आधी ते नीट तापू द्यावं. इंजिन बंद पडलंच तर घाबरायचं कारण नाही. सर्वसाधारणपणे पुन्हा सुरू केल्यावर ते पुढच्याच दिशेनं फिरतं.

गिअरचा रिव्हर्स असलेल्या मशीनची भाषा वेगळी असते. दांडी सरकतच नाही, सरकताना करकर आवाज येतो, किंवा लागलेला रिव्हर्स भार पडताच सुटतो. दांडी न सरकण्याचं कारण बऱ्याचदा इथेही वाढलेला स्लो किंवा ताठ बेल्टच असतं, कारण चेनकेसमधला दांडा फिरत राहिल्यामुळे दात एकमेकांत बसत नाहीत. कधी दातासमोर दात येऊन ठाकतो. तेव्हा जोर लावून दांडी वाकवण्यापेक्षा मशीन हातभर पुढे-मागे हलवावी. रिव्हर्स सुटत असेल तर आधी बाहेरच्या जोडदांडीची लांबी जुळवून पाहावी. दांडी पूर्ण ओढूनही आतला काटा पूर्ण सरकत नसेल, तर दात अर्धेच अडकतात आणि त्यांच्या कडा झिजत जातात. मोटरवर चालणाऱ्या रिव्हर्समध्ये फ्यूज, बॅटरीचा दाब आणि मोटरच्या कनेक्टरातला ओलावा या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पेटी उघडू नये.

पेटी उघडण्याआधी तिच्या तेलाकडे पाहावं. अनेक चेनकेसमध्ये तेल मोजायच्या काडीच्या किंवा खालच्या बोल्टच्या टोकाशी लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर तो नेहमीच्या झिजेचा, पुसून टाकावा. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण आले तर दात झिजत आहेत. आणि नखाएवढा चमकता तुकडा चिकटून आला, तर मशीन त्याच जागी थांबवायची. त्याचे उरलेले भाऊबंद आत चेनच्या वाटेत फिरत असतात. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, म्हणजे सील गेलं आहे.

काही दोष ना इंजिनाचे, ना गिअरचे. रात्रभर उभ्या मशीनचा पट्टा खालच्या बर्फाला गोठून चिकटतो आणि सकाळी रिव्हर्सनं तो सोडवायचा प्रयत्न होतो. त्याऐवजी मागचा भाग हातानं उचलून पट्टा मोकळा करावा. खोल भुसभुशीत बर्फात मागे जाताना शेपटाकडचा रबरी पडदा पट्ट्याखाली ओढला जातो. मशीन गचका खाऊन थांबते आणि चालकाला वाटतं रिव्हर्स तुटला. पट्टा ढिला असेल तर मागे जाताना चालक-चाकाचे दात पट्ट्यावरून निसटतात आणि कट-कट असा मोठा आवाज येतो. तो आवाज गिअरचा समजून चेनकेस उघडण्यात लोकांनी दिवस घालवले आहेत. मुळात स्कीसारखा वर वळलेला भाग मशीनच्या पुढे असतो, मागे नसतो. त्यामुळे खोल बर्फात रिव्हर्स मशीनला बाहेर काढण्याऐवजी अधिक खाली गाडू शकतो. तिथे फावडंच उपयोगाचं.

हा विषय मराठीत कशासाठी, असं कुणी विचारलं तर उत्तर नकाशातच आहे. मिनेसोटा, ओंटारिओ, क्वेबेक, अल्बर्टा या बर्फाळ मुलखांत मराठी कुटुंबं राहतात. गुलमर्गला जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या पर्यटकांपैकी अनेक जण तिथे स्नोमोबिलवर बसून येतात. सियाचीन हिमनदीवर लष्कर स्नो स्कूटर वापरतं, आणि तिथे सेवा केलेले जवान महाराष्ट्रातल्या अनेक गावांत भेटतात. गोव्याचा धागा तर थेट अंटार्क्टिकाशी जोडलेला आहे. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी ‘पोलर सर्कल’ या जहाजानं गोव्यातूनच निघाली, आणि आजही मैत्री आणि भारती या दोन्ही केंद्रांची व्यवस्था वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून पाहिली जाते. तिथल्या बर्फावर स्नोमोबिल हे कामाचं वाहन आहे. रसद घेऊन जहाज येतं ते उन्हाळ्यात. मधल्या लांब हिवाळ्यात बिघडलेली मशीन हाताशी असलेल्या सामानावरच दुरुस्त करावी लागते. नवा भाग मागवून पाहू, ही चैन तिथे नाही. दोष नेमका ओळखणं एवढंच हातात असतं.

उंचीचा मुद्दा आपल्या लोकांनी खास लक्षात ठेवावा. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाव हिश्शानं विरळ. खालच्या उंचीसाठी जेट बसवलेलं कार्बोरेटर तिथे हवेच्या मानानं जास्त पेट्रोल पाजतं, प्लग काळे पडतात, आणि त्याची पहिली तक्रार रिव्हर्सकडून येते. अशा मशीनला उंचीनुसार जेट बदलणं हाच इलाज. नव्या इंजेक्शनच्या इंजिनात ईसीयू हवेचा दाब ओळखून पेट्रोल बेतशीर देतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे.

महाराष्ट्रातल्या मेकॅनिककडे या कामाचं निम्मं शिक्षण आधीच आहे. लुना, बजाजच्या जुन्या स्कूटर, आरएक्स 100 यांवर हात बसलेल्या पिढीला टू-स्ट्रोकचा आवाज कानानं कळतो. प्लगचा रंग वाचणं, स्लो बसवणं, जेट फुंकून साफ करणं हे त्यांना शिकवावं लागत नाही. रस्त्यावरून टू-स्ट्रोक गेली तशी ही विद्याही ओसरू लागली आहे, याचं वाईट वाटतं. ती लिहून ठेवण्याचं एक निमित्त म्हणूनही या पानांकडे पाहता येईल.

जुन्या मशीनची देखभाल यापुढे अधिक महत्त्वाची होणार आहे. 1968 पासून स्नोमोबिल बनवणाऱ्या यामाहानं 2023 साली जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत 2025च्या मॉडेलांनंतर ती हा व्यवसाय थांबवणार. वापरात असलेल्या असंख्य मशीन त्यामुळे लगेच भंगारात जाणार नाहीत, त्या चालूच राहतील. पण त्यांचं आयुष्य मालकाच्या आणि गावातल्या मेकॅनिकच्या हाती अधिकाधिक जाईल.

शेवटी सुरक्षिततेबद्दल, कारण रिव्हर्स तपासताना होणारे अपघात टाळता येण्याजोगे असतात. दिवा किंवा भोंगा बिघडला असेल तर तो किरकोळ समजून पुढे ढकलू नये. मशीन उलट्या दिशेत आहे हे चालकाला कळण्याचा तोच एक मार्ग असतो, आणि पुढे जायच्या तयारीनं थ्रॉटल दाबलेली मशीन मागे उभ्या माणसावर जाते. मागचा भाग भक्कम स्टँडवर उचलून पट्टा फिरवत असाल तर त्याच्या मागे कुणालाही उभं राहू देऊ नये. सैल पट्ट्यातून निसटलेला खिळा किंवा बर्फाचा तुकडा गोळीसारखा येतो. बेल्टवरचं झाकण काढून इंजिनाची रेस वाढवू नये. सैल बाह्या, मफलर, लोंबती दोरी यांना त्या जागेत स्थान नाही. आणि इंजिन तत्काळ बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली असलीच पाहिजे, मशीन दोन फूट हलवायची असली तरी.

पुढची प्रकरणं याच क्रमानं जातात: आधी मशीनची ओळख, मग विनाखर्चाच्या तपासण्या, मग स्वस्त भाग, आणि पेटी किंवा इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी. वाचकानं पान उलटण्याआधी आपल्या मशीनचं मॉडेल, वर्ष, इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक आणि रिव्हर्स बटणाचा आहे की दांडीचा, हे एका कागदावर लिहून घ्यावं आणि त्या मॉडेलचं कारखान्याचं मॅन्युअल हाताशी ठेवावं. या पुस्तिकेतला सल्ला आणि त्या मॅन्युअलातला आकडा यांत कुठे फरक दिसला, तर मॅन्युअलचा आकडा खरा मानावा.